धनुर्मासातील गोड पोंगल : नैवेद्य, नवस आणि एक पंगत

॥ श्री गोदादेव्यै नमः ॥



श्रींच्या दर्शनास येणारे अनेक यात्रेकरू धनुर्मासात पहाटेचा प्रसाद घेतल्यानंतर आवर्जून विचारतात, की हा दाक्षिणात्य गोड भात घरी कसा करावा? प्रश्न साधा आहे, आणि त्याचे उत्तर चार ओळींत देता येईल. परंतु ज्या अन्नामागे एका भक्त कन्येचा नवस आहे, आणि तो नवस फेडणाऱ्या एका थोर आचार्यांची करुणा आहे, त्या अन्नाची केवळ कृती सांगून थांबणे योग्य होणार नाही. म्हणून कृतीबरोबरच तिच्यामागील भावही या ठिकाणी आपणांसमोर ठेवीत आहोत.

धनुर्मासाचे माहात्म्य

सूर्य धनु राशीत प्रवेश करतो तेव्हापासून मकर संक्रांतीपर्यंतचा काळ म्हणजे धनुर्मास. साधारणपणे १६ डिसेंबर ते १३ किंवा १४ जानेवारी असा हा काळ असतो. तमिळ देशात यास ‘मार्गळी’ म्हणतात. श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी महिन्यांमध्ये मार्गशीर्ष ही आपलीच विभूती असल्याचे सांगितले आहे. चांद्र मार्गशीर्ष आणि सौर धनुर्मास यांचे दिवस तंतोतंत जुळत नसले, तरी थंडीच्या या दिवसांतील पहाट भगवंताची, ही श्रद्धा दोन्हीकडे सारखीच आहे.

आपल्या महाराष्ट्रातही धनुर्मास, अर्थात धुंधुरमास किंवा झुंझुरमास, पाळण्याची जुनी रीत आहे. पहाटे उठून, स्नान करून, सूर्योदयाच्या सुमारास देवाला मुगाच्या डाळीची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी, गूळ यांचा नैवेद्य दाखवावयाचा आणि मग घरच्यांनी एकत्र बसून जेवावयाचे. कर्नाटकात याच दिवसांत मुद्गान्न, म्हणजेच हुग्गी, करतात. तमिळ देशात पोंगल करतात. तांदूळ तोच, मूग तोच, पहाट तीच. आयुर्वेदानेही हेमंत ऋतूत जठराग्नी प्रबळ असतो म्हणून स्निग्ध व पौष्टिक आहार सांगितला आहे.

पोंगल दोन प्रकारचा असतो. मिरी, जिरे व आले घातलेला तिखटमिठाचा तो वेण्पोंगल आणि गूळ घातलेला तो शर्करा पोंगल, ज्यास तमिळमध्ये सक्करै पोंगल म्हणतात. या गोड पोंगलाचेच एक अधिक समृद्ध रूप आहे. त्यात तांदूळ दुधात शिजवून त्यावर भरपूर तूप घालतात. त्याचे नाव ‘अक्कारवडिसल्’. वैष्णव मंदिरांत व घरांत धनुर्मासाच्या सत्ताविसाव्या दिवशी, म्हणजे ११ किंवा १२ जानेवारीच्या सुमारास, हाच नैवेद्य होतो. त्या दिवसाला ‘कूडारै’ म्हणतात.

गोदादेवीचे व्रत

तमिळनाडूतील विरुधुनगर जिल्ह्यात श्रीविल्लिपुत्तूर हे क्षेत्र आहे. तेथे विष्णुचित्त नावाचे थोर भक्त भगवंताच्या सेवेसाठी फुलबाग राखीत असत. त्यांनाच पेरियाळ्वार म्हणतात. एके दिवशी त्यांना तुळशीच्या वाफ्यात एक बालिका सापडली. तीच गोदा, तीच आण्डाळ. बारा आळ्वारांमध्ये ती एकटीच स्त्री. देवासाठी गुंफलेली माळ ती आधी स्वतःच्या गळ्यात घालून पाही, आणि मग ती माळ देवाकडे जाई. पित्याच्या हे ध्यानी आले तेव्हा त्यांना फार दुःख झाले आणि त्यांनी दुसरी, कोरी माळ वाहिली. परंतु भगवंताने गोदेने ल्यालेली माळच मागितली. ही कथा विजयनगरच्या कृष्णदेवरायांनी ‘आमुक्तमाल्यदा’ या तेलुगू काव्यात गायिली आहे.

गोदादेवीने ‘तिरुप्पावै’ या तीस पद्यांच्या स्तोत्रात धनुर्मासाचे व्रत वर्णिले आहे. तिरुमला येथे या महिन्यात पहाटे सुप्रभाताऐवजी तिरुप्पावैचेच पठण होते. या व्रताच्या प्रारंभी गोकुळातील मुली ठरवितात, की तूप खावयाचे नाही, दूध प्यावयाचे नाही, डोळ्यांत काजळ नाही, केसांत फूल नाही. गोकुळातील मुलींनी दूधतूप सोडावयाचे, हा त्याग लहान नव्हे. आणि सत्ताविसाव्या पद्यात, भगवंताची भेट झाल्यावर, त्या सर्वजणी अलंकार लेवून, तुपात बुडालेला दूधभात एकत्र बसून सेवन करण्याची इच्छा व्यक्त करतात. जे सोडले होते तेच, भगवंताच्या हातून, अधिक गोड होऊन परत मिळाले.

या पद्याचा पहिला शब्द ‘कूडारै’. ‘कूडु’ म्हणजे जुळणे, एकत्र येणे. ‘कूडार्’ म्हणजे जे जुळत नाहीत, जे दूर राहतात ते. न जुळणाऱ्यांनाही जो जिंकून घेतो, तो गोविंद. आचार्यांनी याचे विवरण करताना म्हटले आहे, की भगवंत विरोधकांना पराक्रमाने जिंकतो आणि आपल्या माणसांना गुणांनी व प्रेमाने जिंकतो. म्हणून या दिवसाचा नैवेद्य एकट्याने खावयाचा नसतो. दुरावलेल्यांना जवळ आणण्याचा हा दिवस आहे.

शंभर घागरींचा नवस

गोदादेवीचा दुसरा ग्रंथ ‘नाच्चियार तिरुमोळि’. त्याच्या नवव्या दशकात ती मदुरैजवळील तिरुमालिरुंचोलै येथील भगवंताला नवस बोलते. या क्षेत्रास आज अळगर कोविल म्हणतात. नवस असा, की शंभर घागरी लोणी आणि शंभर घागरी अक्कारवडिसल् मी तुला अर्पण करीन. एवढेच नव्हे, तर देवाने येऊन त्याचा स्वीकार केला तर त्याबद्दल पुन्हा लक्षावधी अर्पण करीन आणि शिवाय सेवाही करीन, असे ती म्हणते. देणारी एक कुमारिका, फुलबाग राखणाऱ्याची मुलगी. शंभर घागरी ती आणणार कोठून? पुढे ती श्रीरंगक्षेत्री श्रीरंगनाथाच्या स्वरूपात विलीन झाली. नवस शब्दांतच राहिला.

त्यानंतर काही शतके लोटली. श्रीरामानुजाचार्य हे स्तोत्र नित्य चिंतीत असत, म्हणून त्यांना ‘तिरुप्पावै जीयर’ असे प्रेमाचे नाव पडले. परंपरा सांगते, की नवसाचे हे पद्य वाचताना आचार्यांच्या मनात आले, की हा नवस कोणी फेडला? ते तिरुमालिरुंचोलैला गेले, शंभर घागरी लोणी व शंभर घागरी अक्कारवडिसल् भगवंताला अर्पण केले आणि मग श्रीविल्लिपुत्तूरला दर्शनास आले. तेव्हा गोदादेवी गाभाऱ्यातून पुढे आली आणि तिने त्यांना ‘अण्णा’ अशी हाक मारली. बहिणीचे ऋण जो आपले मानून फेडतो, तोच वडील भाऊ. तेव्हापासून आचार्यांना ‘कोयिल अण्णन्’ हे नाव लाभले.

भक्तहो, वयाने पाहिले तर गोदादेवी आचार्यांच्या कित्येक पिढ्या आधीची. तरीही ते थोरले ठरले. थोरलेपण जन्माच्या तारखेने येत नाही. जो दुसऱ्याच्या मनातील अपुरी राहिलेली गोष्ट आपल्या शिरावर घेतो, त्याला ते मिळते.

एका यात्रेकरूचा प्रश्न

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. धनुर्मासातील काकड आरतीनंतर एक वयस्क गृहस्थ प्रस्तुत प्रवचनकाराकडे आले. त्यांच्या हाती अन्नदानाची पावती होती. ते म्हणाले, “बुवा, माझ्या आईचा एक नवस राहिला आहे. दक्षिण यात्रेत एका मंदिरात तिला हा गोड भात प्रसाद म्हणून मिळाला होता. पुढे मोठ्या दुखण्यात ती बोलली, की मी बरी झाले तर दोन्ही मुलांना एका पंगतीत बसवून हाच नैवेद्य देवाला दाखवीन. ती बरी झाली, पुढे बरीच वर्षे जगली, पण नवस काही फिटला नाही. आता ती गेली. मी आज शंभर पानांचे पैसे भरले आहेत. नवस फिटला ना?”

त्यांना विचारले, “आपले बंधू कोठे असतात?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्याच वाड्यात. मधे भिंत घातली आहे. बांधावरून दावा चालू आहे. बारा वर्षे बोलणे नाही.”

आता काय उत्तर द्यावे? अन्नदान हे श्रेष्ठ दान आहे, यात शंका नाही. त्यांनी भरलेल्या पैशांतून शंभर भुकेले जीव तृप्त होणार होते आणि ते पुण्य आईच्याच नावे जमा होणार होते. परंतु आईने शंभर पाने बोललेली नव्हती. तिने दोनच पाने बोललेली होती, आणि तीच अधिक महाग होती. त्यांना एवढेच सांगितले, “दान पोचले. ते आपल्या आईच्या नावे सत्कारणी लागेल. पण नवस घरी फेडावा लागेल. श्रीरामानुजाचार्यांनी बहिणीचा नवस फेडला आणि ते अण्णा झाले. आपण तर जन्मानेच अण्णा आहात.”

गृहस्थांनी कृती लिहून मागितली. तीच कृती आज येथे देत आहोत.

नैवेद्याची कृती

प्रथम एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नैवेद्य देवाला दाखविण्यापूर्वी चाखावयाचा नसतो. गोदादेवीने माळ आधी ल्याली, तो तिच्या प्रेमाचा अधिकार होता. आपण नियमातच राहावे. चव घ्यावयाची नसल्यामुळे माप अचूक घ्यावे. पुढील प्रमाण सहा ते आठ माणसांस पुरेल.

साहित्य : तांदूळ २०० ग्रॅम, मुगाची डाळ ५० ग्रॅम, पाणी पाऊण लिटर, दूध १ लिटर, चिरलेला गूळ ३५० ग्रॅम, साजूक तूप १२५ ग्रॅम, काजू १५-२०, मनुका २ चमचे, वेलदोडे ५-६, किंचित जायफळ. तांदूळ मऊ शिजणारा असावा. आपल्याकडील आंबेमोहोर किंवा इंद्रायणी यासाठी उत्तम.

१. स्नान करून, स्वच्छ वस्त्राने स्वयंपाकास आरंभ करावा. मुगाची डाळ चमचाभर तुपावर मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजावी. ती करपू देऊ नये.

२. तांदूळ धुऊन वीस मिनिटे भिजवावेत. मग तांदूळ व डाळ एकत्र करून पाऊण लिटर पाण्यात अगदी मऊ शिजवावे. कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या पुरतात. दूध मात्र कुकरमध्ये घालू नये, ते उतू जाते. शिजलेला भात पळीने घोटून घ्यावा.

३. जाड बुडाच्या पातेल्यात, पितळी असल्यास कल्हई केलेल्या, दूध उकळून त्यात घोटलेला भात घालावा. मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटे शिजू द्यावे. या वेळात पातेल्यापासून दूर जाऊ नये. सतत ढवळत राहावे, नाहीतर बुडाशी लागते. हातात पळी आणि मुखात नाम, असा हा अर्धा तास आहे.

४. दुसऱ्या भांड्यात गूळ अर्धी वाटी पाण्यात विरघळवून एक उकळी आणावी आणि गाळून घ्यावा, म्हणजे त्यातील कचरा व खडे निघून जातात. हा पाक कोमट होऊ द्यावा.

५. भात व दूध एकजीव झाले, शीत बोटांत चिरडून पाहता पूर्ण मऊ लागले, की आच बंद करावी. पाच मिनिटांनी कोमट पाक थोडा थोडा घालून हलवावे. मग अगदी मंद आचेवर पाच मिनिटे ठेवून तूप घालीत जावे.

६. थोड्या तुपात काजू व मनुका तळून वर घालाव्यात. वेलदोडा व जायफळाची पूड घालावी. पातळसर असतानाच उतरवावे, कारण थंड होताना ते घट्ट होते.

मंदिरांत यात खाण्याचा कापूर, ज्यास तमिळमध्ये ‘पच्चै कर्पूरम्’ म्हणतात, अगदी मोहरीएवढा घालतात. घरी तो नाही घातला तरी चालेल. आरतीचा साधा कापूर मात्र कोणत्याही परिस्थितीत अन्नात घालू नये. तो विषारी असतो. घरात लहान मुले असल्यास कापूर वर्ज्यच करावा. तसेच मधुमेह असणाऱ्या भाविकांनी प्रसाद म्हणून चमचाभरच घ्यावा. प्रसादाचे फळ मापावर अवलंबून नसते.

गूळ केव्हा घालावा

या कृतीत सर्वांत अधिक चूक होते ती पाचव्या पायरीवर. उत्साहाच्या भरात गूळ आधी घातला, तर दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे, गूळ पडल्यानंतर तांदूळ पुढे मऊ होत नाही. तो जेवढा कच्चा राहिला असेल तेवढाच राहतो, मग कितीही वेळ शिजवा. दुसरे म्हणजे, उकळत्या दुधात गूळ घातला तर दूध फाटण्याचा संभव असतो. म्हणून आधी तांदूळ पूर्ण शिजावा, आच शांत व्हावी, गूळही कोमट व्हावा, आणि मग त्यांची भेट घडवावी.

भक्तहो, संसारातही असेच आहे. मन अजून कठीण आहे, आत राग उकळतो आहे, अशा वेळी वरून गोड शब्द घातले तर ते मुरत नाहीत. कधी कधी तर उरलेसुरलेही फाटते. “झाले गेले विसरून जाऊ” हे वाक्य चांगलेच आहे, पण ते घाईने बोलले तर समोरच्याला वाटते, की याला माझे दुःख समजलेच नाही. आधी मऊ व्हावयाचे असते ते आपण. त्याला वेळ लागतो, धग सोसावी लागते आणि पातेल्यापाशी उभे राहावे लागते. गोडवा शेवटी येतो.

पुढे काय झाले

ते गृहस्थ पुढील धनुर्मासात पुन्हा दर्शनास आले. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी.

कूडारैच्या दिवशी पहाटे त्यांनी स्वतः नैवेद्य केला. पहिल्या खेपेस गूळ लवकर पडला आणि तांदूळ कणीदार राहिला. तो भात त्यांनी गाईला घातला आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. नैवेद्य दाखवून झाल्यावर ते झाकलेले पातेले घेऊन भिंतीपलीकडे गेले आणि दारात उभे राहून म्हणाले, “आईच्या नवसाचे आहे.” धाकट्या भावाने पातेले घेतले आणि दार लावून घेतले. एक शब्द नाही. गृहस्थ घरी परतले आणि एकटेच पानावर बसले. त्यांना वाटले, नवस राहिला तो राहिलाच.

तीन दिवसांनी संक्रांत आली. सकाळी दारात तेच पातेले ठेवलेले होते. भांडे रिकामे परत करू नये, ही आपली रीत आहे. पातेल्यात तिळगूळ होता.

गृहस्थ म्हणाले, “बुवा, लगेच काही झाले नाही. पण त्यानंतर वाटेत भेटलो की मान वळवीनासा झाला. आणि यंदा कूडारैला तो आपणहून आला. सोबत नातवंडे होती. दोन पाने मांडली, मधे आईचा फोटो ठेवला. बांधाचा दावा अजून चालू आहे. तो कोर्टाच्या गतीने चालेल. पण पंगत एक झाली.”

नवस फिटला की नाही, हे त्यांनी या वेळी विचारले नाही.

भाविकांस विनंती

भक्तहो, आपल्या घरीही असा एखादा नवस राहिलेला असेल. आई-वडिलांनी बोललेला, आजीने बोललेला, किंवा बोललेलाही नाही, नुसता मनात धरलेला. त्याची आठवण करावी. जो पैशाने फिटतो तो पैशाने फेडावा. अन्नदानास आपण देता त्या प्रत्येक मुठीने कोणाची तरी भूक शमते, आणि त्यासारखे पुण्य नाही. परंतु जो आपल्याच हातांनी, आपल्याच उंबऱ्यावर फेडावयाचा आहे, तो दुसऱ्यावर सोपवू नये.

धनुर्मासात एक दिवस तरी पहाटे उठून हा नैवेद्य करावा. पातेले उतरविल्यावर एक वाटी अशा माणसासाठी बाजूला काढून ठेवावी, ज्याच्याशी आपले बोलणे राहिले आहे. ती स्वतः नेऊन द्यावी. दार उघडेल किंवा उघडणार नाही. वाटी रिकामी परत येईल किंवा भरलेली येईल. ते गोविंदावर सोपवावे. न जुळणाऱ्यांना जिंकून घेणे हे त्याचे ब्रीद आहे, वाटी नेऊन पोचविणे एवढेच आपले काम.

अन्नदाता सुखी भव।

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥